पाणथळ पक्षी-अधिवासांच्या संवर्धनातील प्राधान्यक्रम : वऱ्हाडातील तलावांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

संवर्धनाच्या क्षेत्रात साधने मर्यादित आणि गरजा अनेक असतात. निधी, मनुष्यबळ, कायद्याचे संरक्षण आणि शासनाचे लक्ष या गोष्टी सर्व स्थळांना सारख्या प्रमाणात देता येत नाहीत. त्यामुळे कोणत्या स्थळाचा विचार आधी करावयाचा व कोणत्या स्थळाचा नंतर, हे ठरविणे अपरिहार्य होते. यालाच प्राधान्यक्रमनिश्चिती असे म्हणतात. वरकरणी ही प्रक्रिया तांत्रिक वाटते. प्रत्यक्षात ती मूल्यनिर्णयाची प्रक्रिया आहे. काय राखावयाचे हे ठरविताना काय सोडून द्यावयाचे हेही ठरत असते. निवडलेल्या स्थळांची यादी राजपत्रात प्रसिद्ध होते, सोडून दिलेल्या स्थळांची कोठेच होत नाही. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या, अलिखित यादीचा विचार केला आहे.

महाराष्ट्रातील तीन पाणथळांना रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा २०२० ते २०२२ या काळात जाहीर झाला. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर व बुलडाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर २०२० मध्ये, तर ठाणे खाडी २०२२ मध्ये या यादीत आली. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील एकाही तलावाचे नाव त्यांत नाही, आणि प्रचलित निकष लक्षात घेता ते यावे अशी अपेक्षाही नाही. तथापि ऑक्टोबर ते मार्च या काळात या जिल्ह्यांतील शेकडो लहान-मोठ्या तलावांवर उत्तरेकडून येणारी बदके, चिखलात चरणारे लहान पाणपक्षी आणि करकोचे उतरतात, ही वस्तुस्थिती येथील पक्षिमित्रांनी वर्षानुवर्षे नोंदविली आहे. पक्षी येतात, परंतु निकषांच्या चाळणीतून त्यांचे तलाव खाली गळतात. याची कारणे शोधणे आणि निकषांची फेरमांडणी सुचविणे, ही या लेखाची दोन उद्दिष्टे आहेत.

१. प्रचलित निकष आणि त्यांतील गृहीतक

पाणथळविषयक आंतरराष्ट्रीय करार इराणमधील रामसर येथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी झाला व भारत १९८२ मध्ये त्यात सहभागी झाला. या कराराच्या नऊ निकषांपैकी दोन निकष थेट पाणपक्ष्यांच्या संख्येशी निगडित आहेत. ज्या पाणथळावर नियमितपणे २०,००० वा त्याहून अधिक पाणपक्षी असतात, किंवा एखाद्या प्रजातीच्या अथवा उपप्रजातीच्या एका समुदायाचे किमान १ टक्का पक्षी नियमितपणे येतात, ते आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे मानले जाते. 'महत्त्वाची पक्षिक्षेत्रे' निश्चित करण्यासाठी बर्डलाइफ इंटरनॅशनल व बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांनी वापरलेले निकषही याच वळणाचे आहेत. जागतिक पातळीवर संकटग्रस्त प्रजाती, मर्यादित क्षेत्रात आढळणाऱ्या प्रजाती, विशिष्ट जीवप्रदेशाशी बांधलेल्या प्रजाती आणि मोठे थवे, असे त्यांचे चार प्रकार आहेत.

या निकषांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. त्यांच्यामुळेच पाणथळ म्हणजे पडीक जमीन, हा महसुली समज मागे पडला आणि पक्ष्यांच्या संख्येला न्यायालयात व नियोजनात पुराव्याचे स्थान मिळाले. परंतु या सर्व निकषांत एक गृहीतक समान आहे. ते असे की, अधिवासाचे एकक म्हणजे सीमा आखता येईल असे एक स्थळ होय. मोजणी त्या स्थळाची, दर्जा त्या स्थळाला आणि संरक्षणही त्या स्थळापुरतेच. ज्या प्रदेशात पाणी एका मोठ्या जलाशयात साठलेले असते, तेथे हे गृहीतक बऱ्याच अंशी निभावते. ज्या प्रदेशात तेच पाणी पन्नास तलावांत विखुरलेले असते, तेथे प्रत्येक तलाव स्वतंत्रपणे मोजला जातो आणि प्रत्येक तलाव अनुत्तीर्ण होतो. पन्नास तलावांची बेरीज करण्याची तरतूद पद्धतीत नसल्यामुळे संपूर्ण प्रदेशच नकाशावर रिकामा दिसतो.

संवर्धन-नियोजनाच्या शास्त्रात मार्गुलेस व प्रेसी यांनी २००० मध्ये मांडलेली पद्धतशीर नियोजनाची चौकट या संदर्भात उपयुक्त आहे. तीत स्थळाचे मूल्य दोन प्रश्नांवर ठरते : या स्थळाला पर्याय आहे काय, आणि या स्थळाला धोका किती आहे? त्याचबरोबर निवडलेली स्थळे परस्परांना पूरक असावीत, असाही तिचा आग्रह आहे. म्हणजे सर्वोत्तम स्थळे एकेक करून निवडण्यापेक्षा, एकत्रितपणे काम देणारा संच निवडणे महत्त्वाचे ठरते. आपल्याकडील पाणथळ-याद्यांत पूरकतेचा हा विचार अभावानेच आढळतो.

२. नियमांची व्याख्या आणि तिच्यातील विसंगती

निकषांतून निसटलेल्या तलावांना देशातील कायदा तरी सामावून घेतो काय, हा पुढचा प्रश्न आहे. केंद्र शासनाने २०१० च्या नियमांच्या जागी २६ सप्टेंबर २०१७ रोजी पाणथळ संवर्धन व व्यवस्थापनाचे नवे नियम अधिसूचित केले. या नियमांतील पाणथळाच्या व्याख्येतून नदीपात्रे, भातशेती, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव, तसेच मत्स्यसंवर्धन, मीठ-उत्पादन, मनोरंजन व सिंचन यांसाठी मुद्दाम बांधलेल्या रचना वगळण्यात आल्या आहेत.

ही वगळणी वऱ्हाडाच्या नकाशावर ठेवून पाहिली असता तिचा अर्थ स्पष्ट होतो. अमरावती शहरालगतचे वडाळी व छत्री हे तलाव ब्रिटिश काळात पाणीपुरवठ्यासाठी बांधले गेले, ते व्याख्येबाहेर. मालखेड व केकतपूर यांसारखे सिंचन तलाव व्याख्येबाहेर. मोर्शी तालुक्यातील सिंभोरा येथील ऊर्ध्व वर्धा आणि अकोला जिल्ह्यातील महान येथील काटेपूर्णा हे जलाशय सिंचन व पाणीपुरवठा यांसाठीच आहेत. त्यांना या व्याख्येचा आधार नाही. काटेपूर्णेला अभयारण्याचे संरक्षण आहे, परंतु ते वन्यजीव कायद्याखालील आहे. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजल खारे असल्याने साठविलेल्या गोड्या पाण्याचे महत्त्व माणसांइतकेच पक्ष्यांनाही आहे. तेथील शेततळी व गावतलावही व्याख्येबाहेर. थोडक्यात, ज्या प्रदेशात नैसर्गिक सरोवर हा अपवाद आणि बांधलेला तलाव हा नियम आहे, त्या प्रदेशातील बहुतेक सर्व पाणथळे एका वाक्याने अपात्र ठरतात.

येथील विसंगती अशी की, राज्यातील पहिले रामसर स्थळ ठरलेले नांदूर मधमेश्वर हेही मूलतः सिंचनासाठी बांधलेल्या बंधाऱ्याचे पाणी आहे. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या या बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, उथळ पाणी पसरले, बेटे व पाणवनस्पती तयार झाल्या आणि पक्षी आले. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले. उजनीचा जलाशयही याच जातीचा. भीमेवरील या धरणाच्या पाणफुगवट्यावर भिगवणजवळ रोहित व पट्टकादंब हंस पाहावयास आज दुरून अभ्यासक येतात. बांधलेले पाणी पक्ष्यांसाठी कनिष्ठ असते, असे अनुभव सांगत नाही. तरीही व्याख्या तसे सुचविते.

व्याख्येच्या बाजूनेही एक सबळ युक्तिवाद आहे व तो टाळणे योग्य होणार नाही. सिंचन व पिण्याचे पाणी यांवर शेतकरी व नागरिक यांचा पहिला हक्क आहे. प्रत्येक तलाव नियमांखाली आणल्यास दुरुस्ती, गाळ काढणे, पाणी सोडणे या नित्याच्या कामांसाठीही परवानग्यांची साखळी उभी राहील, ही भीती निराधार नाही. परंतु नियमांतून वगळणे ही एक गोष्ट आणि नियोजनातून वगळणे ही दुसरी. व्यवहारात पहिलीचा परिणाम दुसरीत होतो. व्याख्येत नसलेल्या तलावाची सीमा आखली जात नाही, त्याची माहिती संकलित होत नाही आणि त्याच्या बाबतीत पक्ष्यांचा प्रश्न विचारणारे कार्यालयच उरत नाही.

उपग्रहाच्या साहाय्याने केलेल्या मोजणीत ही सीमारेषा नाही, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. २.२५ हेक्टरपेक्षा मोठ्या अशा देशातील २,०१,५०३ पाणथळांना २०१० च्या नियमांतील तत्त्वांनुसार संरक्षण देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये दिला होता. २०२१ च्या पाणथळ नकाशासंग्रहात ही संख्या २,३१,१९५ इतकी आहे आणि त्यांची प्रत्यक्ष जागेवर पडताळणी व सीमांकन करण्याचे निर्देश न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये दिले. या संग्रहात बांधलेले जलाशय व तलाव यांचीही नोंद आहे. म्हणजे उपग्रहाला जे पाणी दिसते, ते व्याख्येला दिसत नाही.

३. किनाऱ्यावरील अनुभव

एकक चुकीचे निवडल्यास काय घडते, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आपल्या किनाऱ्यावर आहे. ठाणे खाडीचा १६.९०५ चौरस किलोमीटरचा भाग २०१५ मध्ये रोहित पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. कायद्याच्या दृष्टीने पाहता किनारा अंतर्भागापेक्षा सुस्थितीत आहे. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचना आहेत, राज्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष २०१२ पासून कार्यरत आहे आणि रामसरचा दर्जाही आहे.

तथापि खाडीवरील पक्ष्याचा दिवस भरती-ओहोटीने दोन भागांत विभागलेला असतो. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा तो तेथे चरतो. भरतीला चिखल पाण्याखाली जातो तेव्हा त्याला जवळपास उथळ, निवांत पाणी विश्रांतीसाठी लागते. भांडुपचे उदंचन केंद्र, नेरूळचे तलाव, उरणमधील पाणजे, बेलपाडा व भेंडखळ ही अशी विश्रांतिस्थळे होत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी त्यांना खाडीची उपग्रह-पाणथळे मानून त्यांच्या संरक्षणाचा आग्रह धरला आहे. ती बहुतांशी अभयारण्याच्या सीमेबाहेर राहिली आणि भराव, बांधकाम व भरतीचे पाणी अडविणे यांवरील वाद तेथेच उद्भवले. चरण्याची जागा राखली आणि थांबण्याची जागा गमावली, तर चरण्याची जागाही उपयोगाची राहत नाही. एका पक्ष्याचे एका दिवसातील दोन मुक्काम जर सीमारेषेच्या दोन बाजूंना पडत असतील, तर दोष पक्ष्याचा नसून रेषेचा आहे.

किनाऱ्यावर जे भरती-ओहोटीमुळे एका दिवसात घडते, ते वऱ्हाडात ऋतुमानामुळे सहा-सात महिन्यांत घडते. काळाचे माप वेगळे असले तरी तत्त्व एकच आहे.

४. वऱ्हाडातील तलाव : उतरत्या पाण्याचा अधिवास

वऱ्हाडातील तलाव पावसाळ्यात भरतो आणि त्यानंतर जूनपर्यंत उतरत जातो. भरलेला तलाव दिसावयास सुंदर असला तरी चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना त्याचा फारसा उपयोग नसतो. टिलव्यासारख्या लहान पक्ष्याला एक-दोन बोटे पाण्याचा ओला चिखल लागतो. शेकाट्या थोड्या अधिक पाण्यात उभा राहतो. थापट्या, तलवार बदक, चक्रांग ही बदके बुडी न मारता मान वा चोच बुडवून उथळ पाण्यात चरतात. लालसरीसारखी बुडी मारणारी बदके मात्र खोल पाणी पसंत करतात. म्हणजे पक्षिदृष्ट्या तलावाचे मोल त्याच्या एकूण क्षेत्रफळात नसून त्याच्या उथळ काठाच्या लांबीत, आणि तो काठ कोणत्या महिन्यात उघडा पडतो यात आहे.

हा काठ उघडा कोण पाडतो? बाष्पीभवनाचा वाटा आहेच. परंतु रब्बीच्या पाळ्यांसाठी कालव्याने सोडलेले पाणी हे त्याचे मोठे कारण आहे. गहू-हरभऱ्याला पाणी सुटते तसा तलाव उतरतो आणि नेमक्या स्थलांतराच्या हंगामात ताजा चिखल पक्ष्यांना उपलब्ध होत जातो. त्यामागोमाग काही ठिकाणी उघड्या पडलेल्या बुडीत जमिनीवर गाळपेर होते, गुरे चरावयास उतरतात, मासेमार जाळी टाकतात. लहान तलाव डिसेंबर-जानेवारीत आटतात, मध्यम तलाव मार्चपर्यंत टिकतात आणि एप्रिल-मेमध्ये पाणी मोठ्या धरणांतच उरते. पाणी जसे सरकते तसे पक्षीही एका तलावाकडून दुसऱ्याकडे जातात. त्यांना एक तलाव पुरत नाही. त्यांना तलावांची साखळी लागते. साखळीतील एक मोठा तलाव राखून पाच लहान तलाव गमावले, तर हिवाळ्याच्या पहिल्या अर्ध्या भागातील चराई नाहीशी होते.

या विवेचनाचा अर्थ मानवी वापर नेहमीच हितकारक असतो, असा नाही. जाळ्यांत अडकून पक्षी मरतात. शिकार पूर्णपणे थांबलेली नाही. शेतांतून वाहून येणारी खते व औषधे, जलपर्णी आणि बेशरमीची झुडपे यांनी अनेक काठ व्यापले आहेत. परंतु वापर म्हणजे बाधा, असे सरसकट समीकरण चुकीचे ठरते, याचा देशातील सर्वांत बोलका दाखला भरतपूरच्या केवलादेव येथे मिळतो. तेही पाणथळ मानवनिर्मितच आहे. १९८१ मध्ये ते रामसर स्थळ झाले आणि राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाल्यानंतर नोव्हेंबर १९८२ मध्ये तेथे गुरांच्या चराईवर बंदी आली. बंदीविरोधातील आंदोलनात गोळीबार होऊन गावकऱ्यांचे प्राण गेले. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून असे दिसून आले की, म्हशी गेल्यामुळे पाणगवत अनिर्बंध वाढले, उघडे पाणी आक्रसले आणि त्याचा पक्ष्यांना तोटा झाला. ज्या घटकाला बाधा मानले होते, तो अधिवासाचा भाग होता. माणसांचे प्राण गेल्यावर आणि काही वर्षे लोटल्यावर हे ज्ञान हाती आले, ही त्यातील खेदाची बाजू आहे.

वऱ्हाडातील तलावांना आजचा मोठा धोका वापराचा नसून वापराचे रूप बदलण्याचा आहे. राज्यात २०१७ पासून राबविण्यात आलेल्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या योजनेचा हेतू स्वागतार्ह आहे. तलावाची साठवण वाढते व हलक्या जमिनीला सुपीक गाळ मिळतो. परंतु यंत्राने काठापासून सरळ खोल खणल्यास उताराचा काठ नाहीसा होऊन कडा तयार होतो, आणि कड्यावर टिलवा चरू शकत नाही. शहरालगतच्या तलावांच्या सुशोभीकरणात दगडी वा काँक्रीटच्या भिंती, रोषणाई व नौकाविहार येतात. पाणी टिकते, अधिवास जातो. या दोन्ही प्रकारांत तलाव कागदोपत्री सुधारलेला असतो. म्हणूनच असे नुकसान कोणत्याही अहवालात नुकसान म्हणून नोंदले जात नाही.

५. गणनेच्या मर्यादा

प्राधान्यक्रम माहितीवर आधारलेला असावा, हे सर्वमान्य आहे. प्रश्न असा की, माहिती कोठून येते? आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर वर्षी जानेवारीत होते आणि स्वयंसेवी पक्षिनिरीक्षक ती निष्ठेने करतात. परंतु जानेवारीतील एका भेटीत पावसाळ्यात वीण करणारे पक्षी, ऑक्टोबरात उतरून पुढे जाणारे पक्षी आणि मे महिन्यात शेवटच्या पाण्याला धरून राहणारे स्थानिक पक्षी, या तिन्ही गटांचे चित्र येत नाही. दुसरे असे की, निरीक्षक जेथे पोहोचतात तेथील नोंदी वाढतात. शहराजवळचे, पक्क्या रस्त्यालगतचे, परिचित तलाव पुन्हा पुन्हा मोजले जातात. दर्यापूर वा बार्शीटाकळीकडील आडवाटेचा पाझर तलाव एकदाही मोजला जात नाही. नोंद नाही म्हणून महत्त्व नाही आणि महत्त्व नाही म्हणून नोंद नाही, असे हे चक्र आहे.

मध्य आशियाई उड्डाणमार्गाचा विचार करता ही उणीव अधिक गंभीर ठरते. आर्क्टिकपासून हिंदी महासागरापर्यंत पसरलेला हा मार्ग ३० देशांना स्पर्श करतो व १८२ प्रजातींचे स्थलांतरित पाणपक्षी तो वापरतात. भारताने त्यासाठी २०१८ ते २०२३ या काळाचा राष्ट्रीय कृती आराखडा तयार केला होता. मार्ग म्हटला की मुक्काम आले, आणि मुक्काम सर्वच मोठे नसतात. लांबच्या वाटेवर दोन मोठ्या गावांइतकाच मधला पाणवठा महत्त्वाचा असतो.

६. साहित्यातील साक्ष

आकड्यांतून निसटलेली माहिती अन्यत्र कोठे साठलेली असते काय, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. मराठी वाचकाला या संदर्भात मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांच्या लेखनाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. वनाधिकारी म्हणून नवेगावबांध व मेळघाट येथे सेवा केलेल्या, आणि २००६ च्या सोलापूर येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविलेल्या या लेखकाच्या 'नवेगावबांधचे दिवस', 'पक्षी जाय दिगंतरा', 'चकवाचांदण' या ग्रंथांकडे बहुधा रम्य निसर्गलेखन म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांचे वाचन अधिवासाची साक्ष म्हणून करता येते.

या लेखनातील नवेगावचा तलाव मूळचा मानवनिर्मित आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, अशी परंपरा आहे. चितमपल्लींच्या लेखनात पक्षी एकटा येत नाही. त्याच्यासोबत त्याला नाव देणारा माणूस येतो, पाणवनस्पती येतात, मासे येतात, माधवराव पाटलांसारखे जाणते ग्रामस्थ येतात. त्यांच्या 'पक्षिकोशा'त पक्ष्यांच्या स्थानिक नावांना मिळालेले स्थान याच दृष्टीचे फलित आहे. एखाद्या पाणपक्ष्याला बोलीत स्वतंत्र नाव असणे, हा त्या प्रदेशाचा व त्या पक्ष्याचा दीर्घ परिचय असल्याचा पुरावा होय. गणनेच्या तक्त्यात अशा पुराव्यासाठी रकाना नसतो.

अर्थात या लेखनाला मर्यादाही आहेत. त्यातील दृष्टी मुख्यतः अरण्याची आहे; शेतीच्या मध्यभागी असलेला, गुरांनी तुडविलेला सिंचन तलाव तिच्या केंद्रस्थानी नाही. स्थानिक माणूस तेथे ज्ञाता म्हणून आदराने येतो, परंतु तलावावर हक्क सांगणारा व त्याचा निर्णय करणारा म्हणून तो क्वचितच येतो. मराठी निसर्गलेखनाने आपल्याला अरण्य पाहावयास शिकविले. गावतलाव पाहण्याची दृष्टी अद्याप पुरेशी घडावयाची आहे. वाचकाच्या मनातील प्राधान्यक्रमही साहित्यातूनच घडत असल्याने ही उणीव केवळ वाङ्मयीन राहत नाही.

या उणिवेला प्रत्यक्ष कार्यातून मिळालेले उत्तर पूर्व विदर्भात आढळते. भंडारा-गोंदियातील माजी मालगुजारी तलावांत भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढीवर समाजाच्या मच्छीमारांबरोबर बेशरम काढून देशी पाणवनस्पतींची पुनर्लागवड करण्याचे काम केले. वनस्पती कोणत्या व कोठे लावावयाच्या, हे ठरविण्यात ढीवरांचे परंपरागत ज्ञान उपयोगी पडले. त्याच परिसरात संकटग्रस्त सारस क्रौंच भातखाचरांत घरटी करतो. महाराष्ट्रात त्याचे पक्षी आता काही डझनांच्या घरातच उरले आहेत आणि शेतकऱ्यांच्या सहकार्यावाचून त्याची वीण सुरक्षित राहू शकत नाही. भातशेती मात्र व्याख्येतून वगळलेली आहे. वऱ्हाडात मालगुजारी नव्हती, रयतवारी होती. येथे तलावांची तशी सामुदायिक परंपरा नाही व बहुसंख्य तलाव शासकीय आहेत. म्हणून पूर्व विदर्भाची नक्कल येथे करता येणार नाही. परंतु तलाव वापरणाऱ्यांशी बोलल्याशिवाय त्याचा आराखडा करू नये, हे तत्त्व घेता येईल.

७. प्राधान्यक्रमाची पर्यायी मांडणी

वरील चिकित्सेतून पुढील सूचना पुढे येतात.

(अ) प्राधान्याचे एकक 'तलाव' न ठेवता 'तलाव-समूह' ठेवावे. एका उपखोऱ्यातील लहान, मध्यम व मोठे तलाव मिळून एक समूह मानावा आणि पक्षिसंख्या, प्रजाती व पाण्याचा कालावधी यांची मोजणी समूहाची करावी.

(आ) क्षेत्रफळाबरोबरच उथळ काठाची लांबी व पाणी उतरण्याचे वेळापत्रक हे निकष असावेत. पाटबंधारे विभागाकडे जलसाठ्याच्या नोंदी असतातच. त्या पक्षिनोंदींच्या शेजारी ठेवून वाचल्यास बरीच माहिती नव्या खर्चाशिवाय मिळेल.

(इ) मानवनिर्मित असणे ही अपात्रता मानू नये. कायद्याची बंधने लागू करावयाची की नाही, हा प्रश्न वेगळा ठेवून नियोजनाच्या यादीत अशा तलावांना स्थान द्यावे.

(ई) वापराचे वर्गीकरण करावे. रब्बीची पाळी, मर्यादित चराई, पारंपरिक मासेमारी हे अधिवासाशी जुळणारे वापर. काठ उभा खणणे, काँक्रीटीकरण, भराव हे अधिवास नष्ट करणारे वापर. गाळ काढताना सौम्य उताराची एक बाजू न खणता सोडावी, एवढ्या एका अटीनेही पुष्कळ साध्य होईल.

(उ) गणना जानेवारीपुरती न ठेवता ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे अशी चार वेळा करावी. वऱ्हाडातील महाविद्यालयांचे प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, भूगोल व मराठी विभाग हे काम वाटून घेऊ शकतात : पहिल्याने पक्षी मोजावेत, दुसऱ्याने काठच्या वनस्पती, तिसऱ्याने पाण्याची सीमा, आणि चौथ्याने काठावरच्या माणसांकडून पक्ष्यांची नावे व पाण्याच्या आठवणी संकलित कराव्यात. बहुविद्याशाखीय संशोधन म्हणजे काय, याचे याहून जवळचे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

या मांडणीला एक व्यावहारिक आक्षेप संभवतो. सर्वच तलाव समूहात आले तर प्राधान्य उरले कोठे? त्याचे उत्तर असे की, समूहांमध्येही तुलना करावीच लागेल. ज्या समूहात लहान तलाव झपाट्याने नाहीसे होत आहेत आणि ज्यातील पाण्याला त्या महिन्यात जवळपास पर्याय नाही, तो समूह आधी. निवड टळत नाही. ती योग्य एककावर होते, एवढाच फरक आहे.

निष्कर्ष

पाणथळांच्या संवर्धनातील प्रचलित प्राधान्यक्रम विशाल, नैसर्गिक व गजबजलेल्या स्थळांकडे झुकलेला आहे. ठाणे खाडीचे उदाहरण दाखविते की, अशा प्रसिद्ध स्थळालाही भोवतालच्या अप्रसिद्ध पाण्यावाचून पूर्णत्व नाही. वऱ्हाडात प्रसिद्ध स्थळ जवळजवळ नाहीच. येथे जे आहे ते सर्व भोवतालचे पाणी आहे. हे पाणी शेतकऱ्याने, मासेमाराने, नगरवासीयाने आपल्या गरजेसाठी अडविले व वापरले आणि त्या वापरातूनच पक्ष्यांना काठ मिळाला. त्याला अपात्र ठरविणारी व्याख्या कायद्याच्या सोयीची असेल; अधिवासाच्या वस्तुस्थितीला ती धरून नाही. तलाव-समूह हे एकक, उतरते पाणी हा निकष आणि काठावरचा माणूस हा सहनियोजक, या तीन गोष्टी मान्य झाल्यास प्राधान्यक्रमाचा नकाशा बदलेल. त्यासाठी कायदा बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. गाळ काढण्याचे, काठ बांधण्याचे व पाणी सोडण्याचे निर्णय दर वर्षी जिल्हा पातळीवर होतच असतात. ते घेणाऱ्यांपुढे आपल्या परिसरातील तलावांची विश्वसनीय माहिती ठेवणे, हे येथील महाविद्यालयांच्या आवाक्यातील काम आहे, आणि येत्या ऑक्टोबरपासून ते सुरू करता येण्यासारखे आहे.